बैल कोणाचा?

परवा रविवारी तारनाक्याहून सिकंदराबादेस उपासनेला जाताना आम्ही रिक्षा केली. ब्रेक दाबला की चाक किंचाळत होते. विचारले तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "लाइनर झिजलेत, साहेब. पण गाडी गॅरेजात लावली तर दिवसाची कमाई बुडते." आम्हांस उशीर झाला होता. "बरं, जरा लवकर सोडा," एवढेच आम्ही म्हणालो.

याच शहराबाहेर कंदी येथे आय.आय.टी.च्या 'तिहान' केंद्रात चालकाविना धावणाऱ्या वाहनांच्या चाचणीसाठी २०२२ पासून खास मार्ग आहेत. अमेरिकेतील काही शहरांत तर अशा टॅक्स्या आज भाड्याने प्रवासी नेतात. यंत्राला झोप येत नाही, ते दारू पीत नाही. मुलाच्या फीसाठी ब्रेकचे काम पुढे ढकलण्याची पाळीही त्यावर येत नाही. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हे ध्यानात घेता हे गुण थोडे नव्हेत.

तरी १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातील टेंपी येथे, सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री उबर कंपनीच्या चाचणीच्या गाडीखाली मेली. गाडीच्या यंत्रास ती पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. पण ती काय आहे, हे त्यास ठरवता येईना. गाडीतील मूळची आपोआप ब्रेक लागण्याची सोय कंपनीने चाचणीत बंद ठेवली होती आणि देखरेखीस बसवलेली बाई मोबाईल पाहत होती. २०२३ मध्ये शिक्षा झाली ती त्या बाईस. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल मारका आहे हे ठाऊक नसेल तर धनी निर्दोष. पण आधी बजावूनही त्याने तो बांधून ठेवला नाही, तर रक्ताचा दोष धन्यावर येतो. कोणाला ठाऊक होते आणि आवरणे कोणाच्या हाती होते, एवढेच नियमशास्त्र पाहते.

यंत्राला विवेक नाही, म्हणून माणूसच बरा, असे आपण चटकन म्हणतो. पण त्या रिक्षात विवेक असलेली दोन माणसे होती आणि ब्रेकचे दोघांनाही ठाऊक होते. त्याला पोटाची अडचण होती. आम्हांला केवळ घाई. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा नियम शिकवताना धन्याच्या जागी प्रवाशालाही उभे करून पाहावे.

भाडे देऊन आम्ही मंदिरात शिरलो. तो त्याच ब्रेकांवर पुढचे गिऱ्हाईक घेऊन गेला असेल, हे आम्हांस प्रार्थनेत डोळे मिटल्यावर आठवले.