एका हातात एकच पेन मावतं

फाउंटन पेनं जमवणाऱ्याला घरचे, पाहुणे, कधी कधी बँकेतले ओळखीचे साहेबही एकच प्रश्न विचारतात: लिहायला एक पेन पुरतं, मग इतकी कशाला? प्रश्न वाजवी आहे. आपल्याकडे अपरिग्रहाचा संस्कार खोलवर मुरलेला आहे आणि कपाटात पडून राहिलेल्या वस्तूकडे संशयानं पाहण्यात काही गैर नाही. बहुतेक जण 'छंद आहे आपला' म्हणून वेळ मारून नेतात. छंद म्हटलं की समोरचा गप्प बसतो, पण त्याचं समाधान होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही.

माझं उत्तर असं आहे. एकच पेन वापरणाऱ्याला फक्त त्याचं पेन कळतं. पेन ही काय चीज आहे हे कळत नाही. हाताच्या गतीनं शाई कागदावर उतरली पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही, हा एवढाच प्रश्न. पण देशोदेशींच्या कारागिरांनी तो इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवला आहे, की त्या शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येकीनं चार ओळी लिहून पाहिल्याशिवाय त्यातली अक्कल उमगत नाही. संग्रहाचं सुख या ताडून पाहण्यात आहे.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पेनातून शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत जायला हवी, आणि दोघींना वाट एकच. हवा अडली तर ऐन वाक्यात पेन सुकतं. मोकाट सुटली तर कागदावर डाग पडतो. अमेरिकेत विम्याचा धंदा करणाऱ्या लुइस वॉटरमननं १८८४ साली पेटंट घेतलं ते यावरच्या उपायाचं. निबेखाली जी जीभ असते तिच्यात बारीक खाचा पाडून त्यानं शाई आणि हवेची ये-जा लावून दिली. करारावर शाई सांडून गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून त्यानं नवं पेन काढलं, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. तिला पुरावा नाही. जिभेवरच्या त्या खाचा मात्र आजही जवळपास प्रत्येक पेनात आहेत. निब काढून उजेडात धरा, दिसतील.

पुढची कथा शाई भरायची कशी याची. जर्मनीच्या पेलिकाननं १९२९ साली मागचा खुंटा फिरवून पिस्टननं शाई ओढणारं पेन आणलं. पार्करनं १९४१ साली '५१' बाजारात आणलं आणि निबच झाकून टाकली, नुसतं टोक बाहेर ठेवलं. ही नुसती नखऱ्याची बाब नव्हती. पार्करला कागदावर पडताक्षणी वाळणारी शाई वापरायची होती, आणि अशी शाई उघड्या निबेवरही तितक्याच लवकर वाळणार. म्हणून निबेवर छप्पर आलं आणि आतमध्ये शाई साठवून धरणारी खाचाखाचांची नळी आली. शांघायच्या हिरो कंपनीनं तोच घाट उचलला आणि ते पेन आपल्याकडे गल्लोगल्लीच्या स्टेशनरीच्या दुकानांत पोहोचलं. ज्यांना पार्कर परवडत नव्हतं अशा किती विद्यार्थ्यांनी हिरोवर परीक्षा काढल्या असतील! दोन्ही एका वेळी हातात घेतली की नक्कल कुठवर जाते आणि कुठे थांबते ते बोटांना समजतं. पार्करचं टोपण फिरवावं लागत नाही, सरळ आत सरकतं आणि शेवटच्या टप्प्यावर मऊपणे धरलं जातं. हिरोचं टोपणही सरकतंच, पण धरताना कचरतं. लिहायला मात्र हिरो मुळीच वाईट नाही, आणि हे सांगायला पार्कर जवळ असावं लागतं.

आपल्या देशी पेनांनी वेगळी वाट धरली, आणि माझा जीव तिथे जास्त रमतो. एबनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून भट्टीत कडक केलेलं रबर. त्याची कांडी लेथवर लावून कातायची, आटे पाडायचे, हातानं चकाकी आणायची. आंध्रातलं राजमहेंद्री, तमिळनाडूतलं तिरुवल्लूर इथे अशी पेनं अजूनही हातानं होतात. एबनाइट हातात घेतलं की प्लास्टिकसारखं गार लागत नाही. अंगठ्यानं जोरात चोळलं तर गंधकाचा पुसट वास येतो. वर्षानुवर्षं उजेडात राहिलं तर काळ्याचं तपकिरी होतं. या पेनांत रबरी पिशवी नाही, पिस्टन नाही; पोकळ नळीत ड्रॉपरनं थेट शाई भरायची. तीन-चार मिलिलिटर शाई सहज मावते, जिथे नेहमीच्या लहान कार्ट्रिजमध्ये एक मिलिलिटरही मावत नाही. खोड एकच: शाई तळाला गेली की उरलेल्या जागेत हवा भरते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मग लिहिता लिहिता कागदावर थेंब पडतो. म्हणून जाणकार असं पेन पाऊण रिकामं होऊ देत नाहीत. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं; एबनाइट वापरणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातं.

राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचं पेन अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते गांधीजींकडे पोहोचलं, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहिलं. पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांच्या जागी चांगलं चालेल, असा त्याचा आशय. पत्र दोन-चार ओळींचंच. पण त्या वर्षी वर्ध्याच्या मगनवाडीत गावातल्या कारागिरांचे उद्योग पुन्हा उभे करण्याचा जो खटाटोप चालू होता, तो डोळ्यांसमोर आणला की या ओळींचं वजन कळतं. अपरिग्रह मानणाऱ्या माणसानं पेन नाकारलं नाही. ते कोणी केलं, कशानं केलं आणि चालतं का, एवढं विचारलं.

आता याच्या शेजारी २००९ सालची गोष्ट ठेवू. माँब्लांनं गांधीजींच्या नावानं सोन्याचं पेन काढलं. दांडीयात्रेच्या २४१ मैलांचा हिशेब धरून २४१ नग, निबेवर काठी घेतलेल्या गांधीजींची आकृती, किंमत अकरा लाखांच्या वर. केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली आणि विक्री थांबली. मला माँब्लांच्या कारागिरीबद्दल आदर आहे. १९५२ पासून चालत आलेलं त्यांचं १४९ हे लिहिण्यासाठी केलेलं, मनगटाला साजेसं, दमदार पेन आहे. पण तिजोरीत ठेवण्यासाठीच घडवलेलं, शाई भरली तर किंमत उतरेल म्हणून कोरडं राहणारं पेन ही माझ्या लेखी पेनाची विटंबना आहे. मर्यादित आवृत्त्यांच्या मागे धावणारे संग्राहक हा छंद बिघडवतात असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पेन ठेवायला किती कपाटं लागतात याला महत्त्व नाही. त्यातली किती पेनं या महिन्यात कागदावर चालली, हे विचारावं. जे वर्षभर चाललं नाही ते कोणाला तरी देऊन टाकावं. अपरिग्रहाचा आक्षेप मी टाळत नाही. त्याला माझं हे उत्तर आहे.

पेन खिशाला असणं याचा अर्थ सगळ्यांसाठी सारखा नव्हता, हेही इथे सांगायला हवं. बाबासाहेब आंबेडकरांना ग्रंथांचं वेड होतं तसा पेनांचाही शौक होता. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पुतळ्यांमध्ये त्यांच्या हातात ग्रंथ असतो आणि कोटाच्या खिशाला पेन असतं. ज्यांच्या हाती पिढ्यान् पिढ्या लेखणी येऊ दिली नाही, त्यांनी ते पेन त्या खिशात पाहिलं आणि त्याचा अर्थ ओळखला. गेली काही वर्षं अभिवादनाला हारफुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याचं आवाहन केलं जातं आणि ती वह्या-पेनं मुलांपर्यंत जातात. पेनाला नुसती चैनीची वस्तू म्हणणाऱ्यानं हा इतिहास लक्षात ठेवावा.

शाईबद्दल थोडंच. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडाछाप शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. ती निळी शाई माझ्या पिढीच्या बोटांवरून शाळाभर उतरली नाही. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचा क्षार असे, आपण ज्याला हिराकस म्हणतो तोच. ही शाई कागदावर हवेनं काळी पडत जाते आणि टिकते, म्हणून दफ्तरांत तिला मान. पण ती आम्लधर्मी असते आणि साध्या पोलादाला खाते. चांगल्या पेनाची निब सोन्याची असण्यामागे मुळात हे कारण आहे, श्रीमंती नंतरची. सोनं मऊ, म्हणून टोकाला इरिडियमसारख्या कठीण धातूचा दाणा जोडतात. कागदावर खरं तर तो दाणाच लिहितो. शहाबादी फरशीवर निब घासून 'गुळगुळीत' करणारी शाळकरी पोरं तोच दाणा झिजवून टाकत.

आणि इथून मी माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो. ही सारी पेनं कुठल्या ना कुठल्या लिपीसाठी घडली आहेत, आणि ती लिपी आपली नाही.

जर्मन मध्यम निबेनं मराठी लिहून पाहा. ओल्या, जाड रेघेनं रोमन अक्षरांची मोकळी पोटं छान भरतात. पण 'ध' आणि 'घ' यांच्यात, 'भ' आणि 'म' यांच्यात फरक दाखवणारी शिरोरेषेतली फट किती असते? केसभर. बाळबोध लिहिताना शिरोरेषा आपण शब्द संपल्यावर, ओल्या अक्षरांच्या डोक्यावरून ओढतो. जाड निब ती फट बुजवून टाकते. 'धन' लिहावं तर 'घन' वाचलं जातं, 'भार'चा 'मार' होतो. 'द्ध', 'ष्ट', 'त्त्व' यांच्या पोटातल्या जागा शाईनं भरून जातात आणि अनुस्वार डागासारखा दिसू लागतो. लोक म्हणतात अक्षर बिघडलं. पुष्कळदा हाताचा दोष नसतो, निब परकी असते.

जपानी निब हातात आली तेव्हा मला हे पहिल्यांदा लख्ख दिसलं. सेलर १९११ची, पायलट १९१८ची, प्लॅटिनम १९१९ची. या कंपन्यांना सुरुवातीपासून अशा चित्राक्षरांची सोय पाहावी लागली ज्यांत वीस-वीस रेघा दाटीनं बसतात. म्हणून जपानी 'बारीक' ही युरोपीय 'बारीक'पेक्षा साधारण एक पायरी खाली असते. तिनं 'तत्त्व' लिहिलं तर तिन्ही 'त' वेगवेगळे दिसतात, 'ध'ची फट फट म्हणूनच राहते. सेलरचे नोबुयोशी नागाहारा यांनी तर निबेचा दाणा लांबट घासून असा आकार दिला की पेन उभं धरलं तर रेघ बारीक येते, आडवं धरलं तर जाड. कुंचल्यानं लिहिणाऱ्या हाताची सवय त्यांनी धातूत आणली.

पण जपानी बारीक निबेतही मराठी लिहिणाऱ्याला काही तरी उणं वाटत राहतं. आपली लिपी बोरूवर वाढली. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे रेघ एका दिशेला जाड आणि दुसरीला बारीक, आणि त्यातून अक्षराला डौल. मोडी लिहिणाऱ्या कारकुनानं तर शिरोरेषेचा पेच वेगळाच सोडवला होता: पानभर रेघ आधीच ओढून ठेवायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जायची. तिथे ओल्या शाईवरून पुन्हा जायची वेळच येत नसे. बारीक गोल दाणा फट जपतो पण डौल घालवतो. तिरकी कापलेली जाड निब डौल देते पण फट बुजवते. दोन्ही हवं असेल तर टोक तिरकं पण अगदी अरुंद, आणि शाई जरा आखडती, अशी निब लागेल. रोमन सुलेखनासाठी कापलेल्या निबा मिळतात, संगीताचं नोटेशन लिहायला दोन चिरांच्या निबा मिळतात. खास देवनागरीसाठी घासलेली म्हणून विकली जाणारी निब मला आजवर कुठल्या दुकानात दिसलेली नाही.

हे काम कंपन्या आपण होऊन करणार नाहीत, पण एबनाइट कातणारे आपले कारागीर करू शकतात. ते एका माणसाच्या हाताचं माप घेऊन एक पेन करतात, टोपणाची जाडी विचारतात, रंग विचारतात. त्यांच्याकडे पेन मागवणाऱ्यांत मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बहुतेक फक्त रंग सांगतात. पुढच्या वेळी पेन सांगताना सोबत 'धनधान्य', 'भरभर', 'तत्त्व', 'वृद्ध' असे शब्द आपल्या अक्षरात लिहून पाठवावेत, आणि हे सुटं सुटं वाचता येईल अशी निब घासून द्या म्हणावं. चार जणांनी विचारलं तर पाचव्याला ती तयार मिळेल.