मढं कुणाच्या खांद्यावर?

धर्म पोथीवरून ओळखू नये. पोथीत सगळेच गोड बोलतात. धर्म ओळखायचा तर गावात दोन दिवस जावं, एकदा लग्नाला आणि एकदा मयताला. लग्नात शेवटच्या पंगतीला कोण बसतं आणि मयतात राबतं कोण, एवढं बघावं. बाकी मंत्रबिंत्र राहू द्या बाजूला.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या गावगाड्यात हे सगळं ठरलेलं होतं. पाटलाच्या घरी माणूस मेलं की महारानं सांगावा घेऊन पळायचं. रात्र असो, घोडनदीला पूर असो, पाव्हण्याच्या गावी जाऊन लांबूनच मयताची बातमी द्यायची. सरणाची लाकडं त्यानंच वाहायची. मोबदला काय, तर मढ्यावरचं कापड. लग्नातही तेच. लाकडं फोडा, राखण करा, मांगानं वाजवा, आणि सगळे जेवून उठले की उरलेलं घ्या. वर त्याला नाव काय दिलं? हक्क! वेठीला हक्क म्हणायची अक्कल फक्त या व्यवस्थेलाच सुचली.

हे नुसतं रूढीनं झालं असं म्हणून कुणी निसटू नये. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलंय : चांडाळानं मेलेल्यांची वस्त्रं नेसावी, बेवारशी प्रेतं त्यानं न्यावी. पाचव्या अध्यायात सुतकाचाही हिशेब आहे. ब्राह्मणाला 10 दिवस, क्षत्रियाला 12, वैश्याला 15, शूद्राला 30. म्हणजे बाप मेल्याचं दुःखसुद्धा वर्ण बघून मोजलं. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात 25 डिसेंबर 1927 ला महाडला हे पुस्तक जळालं, ते उगाच नाही. 1928 साली त्यांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतन कायद्यानं संपवायला 1958 साल उजाडावं लागलं.

आता दुसरा धर्म बघू. त्यासाठी फार लांब जायला नको. जुन्नरहून नाणेघाट उतरला की कोकण. त्या कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावला, फार पूर्वी एक गलबत फुटलं अशी बेने इस्राएल लोकांची कथा आहे. सात पुरुष, सात बाया वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं तिथंच पुरली. म्हणजे या समाजाची आठवणच दफनापासून सुरू होते. हे लोक तेलघाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. बोली मराठी, आडनावं पेणकर, केहीमकर, दिवेकर. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं 1921 चं प्रार्थनालय आहे. 1948 नंतर बहुतेक इस्राएलला गेले.

ज्यू धर्मात माणूस मेला की त्याच्याच समाजातली माणसं पुढं येतात. पुरुषाला पुरुष, बाईला बाया आंघोळ घालतात, पांढरं साधं कापड नेसवतात. या मंडळाला 'हेवरा कदिशा' म्हणतात, म्हणजे पवित्र मंडळी. बघा, मढ्याला हात लावणारे पवित्र! या कामाला ते खरी दया मानतात, कारण मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. पूर्वी मयताचा खर्च गरिबाला झेपेना. तेव्हा रब्बान गमलिएल नावाच्या मोठ्या धर्मगुरूनं स्वतःला साध्या कापडात पुरायला लावलं. तेव्हापासून श्रीमंत-गरीब, सगळ्यांना एकच कफन. त्याला खिसा नसतो. शोकाचे दिवस सगळ्यांना सात. पहिलं जेवण शेजारी आणतात.

विटाळ त्यांच्यात नाही असं नाही. प्रेताचा विटाळ तेही मानतात. दफनभूमीतून निघताना हात धुतात. कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातला माणूस प्रेताजवळ जात नाही, अगदी जवळचं नातं सोडून. पण तो विटाळ मढ्याचा. मढं उचलणाऱ्याच्या पोरांना, नातवांना तो चिकटत नाही. आपल्याकडं मढं जळून राख झालं तरी विटाळ महारवाड्यात मुक्कामाला. फरक इथं आहे, दोस्तहो.

लग्नाचं बघा. हिंदू लग्नात कन्येचं दान. दान वस्तूचं असतं. ज्यू लग्नात 'केतुबा' नावाचा करार सगळ्यांसमोर वाचतात. नवरा मेला किंवा त्यानं सोडलं तर बायकोला किती रक्कम द्यायची ते त्यात लिहिलेलं. घटस्फोटाचा कागद मात्र नवऱ्यानंच द्यायचा, न दिला तर बाई अडकून पडते. म्हणजे तिथंही पारडं पुरुषाकडंच. पण बाईच्या नावानं काही लिहिलेलं तरी होतं. आपल्या खालच्या जातींत काडीमोड होती, पाट होता. शास्त्रवाल्यांना मात्र घटस्फोट नको होता. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 ला मंत्रिपद सोडलं. हिंदू विवाह कायदा आला 1955 ला.

ज्यू लग्नात पेला फोडतात, इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या आठवणीला. आनंदातही दुःखाला जागा. आपल्याकडं हळदीला विधवा समोर नको.

पण कुणी लगेच ज्यूंच्या आरत्या ओवाळू नये. या मातीत राहून जात त्यांनाही लागली. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे भाग पडले. परजातीच्या बाईपासून झालेली संतती ती काळी, त्यांच्याशी रोटी-बेटी बंद. मंगळसूत्र, मेंदी घेतली तशी विधवेचं लग्न टाळायची रीतही घेतली. कोचीनला ज्यूंनीच मुक्त गुलामांच्या वंशजांना प्रार्थनालयात खालची जागा दिली. ए. बी. सालेम यांना तिथं सत्याग्रह करावा लागला. आणि काळानं उलटा फासा टाकला. 1962 ला इस्राएलच्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्राएलांनाच लग्नासाठी पिढ्यांची शुद्धता तपासायला लावली. मराठी बोलणारे हे ज्यू जेरुसलेमात आंदोलनाला बसले. 1964 ला धर्मपीठाला नमावं लागलं.

शुद्ध रक्त विचारणारा कधी ना कधी स्वतःच रांगेत उभा राहतो.

मग आपलं काय? 1956 ला आपण धर्म सोडला. पांढरे कपडे आले, त्रिशरण-पंचशील आलं. पण सोयरीक जमवताना सोमवंशी का लाडवण, हे अजून कानात विचारतो ना आपण? मग दहाव्याचं नाव जलदान विधी केलं, एवढ्यानं काय बदललं? आपल्या वस्तीत मांगाचं, भंग्याचं मयत झालं तर आपला खांदा जातो का?

जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडं धर्मदायाची ठेव ठेवल्याची नोंद आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी त्यांच्या हातात विश्वासानं पैसा ठेवत होते. पुढं त्याच बांबूची तिरडी बांधणारा हलका ठरला. बांबू तोच. हातही तेच. नजर बदलली.

ती नजर आपण उलटी फिरवू शकतो. प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी एक मंडळ करावं. मयत कुणाचंही असो, जात न विचारता आंघोळ घालायची, खांदा द्यायचा, घरच्यांना पहिला घास द्यायचा. कापड सगळ्यांना एकच. आणि त्याच पोरांनी पोटजात मोडून लग्नं लावावीत. मेल्यावर खांदा देणं सोपं आहे. जिवंतपणी पोरगी देणं-घेणं, तिथं खरी परीक्षा.