घोटभर पाण्याची साधना



दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, मग कुशल विचारावे, हा आपला गृहस्थधर्म. तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखे पुण्य नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्यातल्या काही साधकांसाठी मात्र हेच पाणी मोजून घेण्याची वस्तू झाले आहे. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत, ज्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी चार-चार तास खाटेवर पडून राहावे लागते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचे हे चिंतन आहे.

चंदीगडची ती खोली

चंदीगड आणि त्याला लागून असलेले मोहाली आज विद्येचे माहेरघर झाले आहे. मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये तर ‘नॉलेज सिटी’ याच नावाचा परिसर आहे आणि विज्ञान शिकण्यासाठी देशभरातून मुले तिथे येतात. याच चंदीगडमध्ये पीजीआय हे मोठे रुग्णालय आहे. भारतात मूत्रपिंडविकारांचे शास्त्र रुजवणाऱ्या डॉ. किरपाल सिंग चुग यांची ती कर्मभूमी.

१९७५ साली याच पीजीआयमध्ये जयप्रकाश नारायण स्थानबद्ध होते. २६ जूनच्या पहाटे त्यांना दिल्लीत अटक झाली आणि जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ त्यांनी इथल्या एका खोलीत काढला. वय ७२. पत्नी प्रभावतीदेवी दोन वर्षांपूर्वीच गेलेल्या. बोलायला आपले माणूस जवळ नाही. अशा एकांतात त्यांनी रोजनिशी लिहायला घेतली. पुढे प्रकृती ढासळली, नोव्हेंबरमध्ये पॅरोलवर सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९७९ रोजी देह ठेवीपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, त्यांचे जीवन डायलिसिसवर चालले.

त्या चार वर्षांत त्यांनी काय केले? १९७७ च्या निवडणुकीत ते लोकांपुढे उभे राहिले. २४ मार्च १९७७ रोजी राजघाटावर नव्या खासदारांना त्यांनी सेवेची शपथ दिली. मार्च १९७९ मध्ये तर त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट संसदेत सांगितली गेली. ते जसलोकमध्ये जिवंत होते आणि त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक जगले! त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो. आपण त्यांच्याकडून एवढेच शिकू या की यंत्राचे तास यंत्राला द्यावेत आणि मधले दिवस आपल्या कामाला द्यावेत. लोक आपल्याला संपलेले समजले, तरी आपण स्वतःला तसे समजू नये.

शिक्षा आणि व्रत

डॉक्टर सांगतात, “दिवसभरात एवढेच पाणी.” मन म्हणते, “मी असे काय पाप केले?” इथेच साधनेची सुरुवात होते. तीच मर्यादा दुसऱ्याने लादली म्हणून पाळली तर ती शिक्षा वाटते. आपण होऊन हातात घेतली की ती व्रत होते. पाणी तेवढेच असते, पण ते पिणारा बदललेला असतो.

देवळात आपण तीर्थ घेतो ते किती? एक पळी. तळहाताचा खोलगट द्रोण करून, थेंब सांडू नये म्हणून डावा हात खाली धरून, डोळे मिटून. तांब्याभर तीर्थ मिळाले नाही म्हणून कोणी रुसत नाही, कारण तिथे सारे लक्ष त्या एका घोटात असते. डायलिसिसवर असलेल्या साधकाने दिवसाचा प्रत्येक घोट असा घेऊन पाहावा. लहान पेला घ्यावा. बसून, नाम घेऊन, तोंडात क्षणभर पाणी धरून मग गिळावे. घटाघटा प्यायलेल्या तांब्याने जे होत नाही, ते कधी कधी असा एक घोट करतो.

व्रताला नियम हवेत, आणि ते शरीराचे शास्त्र समजून हवेत. मर्यादा किती, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे, कारण ती लघवीचे प्रमाण आणि वजन पाहून प्रत्येकाची वेगळी असते. शरीरात साठलेले एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो वजन. ते फुप्फुसांत उतरले की धाप लागते, हृदयावर ताण येतो. शिवाय पाणी म्हणजे फक्त पेल्यातले पाणी नव्हे. चहा, ताक, आमटी, सार, खीर, आइस्क्रीम, कलिंगड हे सगळे त्या हिशेबात धरायचे असते. सकाळीच दिवसाचे पाणी एका बाटलीत मोजून ठेवावे आणि चहा-आमटी घेतली की तेवढे त्यातून कमी करावे.

तहानेचे मूळ पुष्कळदा मिठात असते. लोणचे, पापड, फरसाण ताटात ठेवून तहानेशी झुंजणे म्हणजे तेल ओतून आग विझवणे. मीठ कमी केले की तहानही नरमते. तोंड कोरडे पडले तर चूळ भरून टाकावी, बर्फाचा लहानसा खडा चघळावा आणि तोही मापात धरावा.

उपवास करताना

साधकांच्या घरी एक मोठी अडचण येते ती उपवासाची. एकादशी मोडली तर देव कोपेल, या भीतीने काही जण पथ्य मोडतात. उपवासाच्या ताटाकडे जरा नीट पाहा: बटाटा, रताळे, शेंगदाणे, केळी, खजूर, वर शहाळे. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडे काम करीत नसतील तर ते रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. सैंधव हेही मीठच. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिठांत तर पोटॅशियमच घातलेले असते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे भगवंतांनी सांगितले आहे. ज्याच्या ताटावर रोज पथ्य आहे, त्याचा रोजच उपवास आहे. प्रसाद कपाळाला लावून घरच्यांच्या हाती द्यावा. भाव पोहोचतो.

वेदना सांगावी

दुःख सोसण्याच्या शक्तीला आपण तितिक्षा म्हणतो. तिचा अर्थ दुखणे लपवणे असा होत नाही. सुई टोचताना दुखते, पाणी वेगाने काढले की पायात गोळे येतात, रक्तदाब उतरतो, अंगाला खाज सुटते. हे सारे तिथल्या सिस्टरला आणि तंत्रज्ञाला लगेच सांगावे, कारण यांतल्या बऱ्याच त्रासांवर उपाय असतो. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन कमी वाढले, तर पुढच्या वेळी गोळेही कमी येतात. दुकानातून मनानेच वेदनाशामक गोळी आणून घेऊ नये. आणि त्रास होतो म्हणून डायलिसिस अर्ध्यावर सोडू नये, चुकवू नये.

चार तास हात हलवता येत नाही. मग माळ नको. श्वास आत जाताना नाम, बाहेर येताना नाम. यंत्र रक्त शुद्ध करीत असते, नामाने मनाची धुणी होऊ द्यावी.

आणखी एक गोष्ट हलक्या आवाजात बोलली जाते, ती मोकळेपणी बोलू या. “माझ्यामुळे घरचे ओढगस्तीला आले. आता पुरे.” हा विचार आला म्हणून कोणी कमी प्रतीचा साधक ठरत नाही. पण तो विचार एकट्याने पोसू नये. डॉक्टरांना सांगावा, घरच्यांना सांगावा, सत्संगातल्या जिव्हाळ्याच्या माणसाला सांगावा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि २०१६ मध्ये सुरू झालेला पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. मदत घेण्यात कमीपणा नाही. जो सेवा घेतो, तो दुसऱ्याला सेवेची संधी देतो.

घरच्यांसाठी

आजाऱ्याच्या प्रत्येक घोटावर पहारा ठेवू नका. “एक पेल्याने काय होते?” असा आग्रहही करू नका. त्याच्यासमोर गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी क्षणभर थांबा. घरात सर्वांनीच आमटीत मीठ थोडे कमी केले, तर त्याचे पथ्य साऱ्या घराचे व्रत होईल. हीसुद्धा तहानलेल्याला पाणी पाजण्यासारखीच सेवा आहे.

आज एवढाच संकल्प करू या. उद्याची तहान उद्या पाहू. आजचे पाणी आज मोजू आणि पहिला घोट त्याचे नाव घेऊन घेऊ. ज्याने ही मर्यादा दिली, तोच ती पाळण्याचे बळ देवो, आणि ज्यांचे आज डायलिसिस आहे त्यांचे चार तास शांतपणे पार पडोत, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ हरिः ॐ तत्सत् ॥