मुंजाचा विटाळ

आमच्या टेंभुर्णीत भुतांनाही जात होती. पिंपळावरचा मुंजा बामणाचा, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला. पुरलेल्या धनावर बसलेला समंध मोठ्या घरचा. खवीस मात्र मुसलमानाचा, नाहीतर आमच्यातला. गाव बदललं की खविसाची जात बदलायची, पण ती वर कधी सरकत नसे.

माझ्या आजोबांना रात्रीची सवय होती. निजामाच्या राज्यात मयताचा सांगावा पोचवणं हे महारकीतलं काम. गावात कुणी गेलं की घुंगरांची काठी घ्यायची आणि अंधारात जाफराबादच्या वाटेला लागायचं, कधी त्याच्याही पुढं. मी लहानपणी विचारायचो, "आबा, मुंजानं कधी धरलं नाही का तुमाला?" ते तंबाखू मळत म्हणायचे, "मला कोन धरतंय? मला शिवला तं त्याला आंघोळ करा लागन. मेल्यावर पानी कुठून आननार बिचारा?"

यावर मी बरीच वर्षं हसलो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा त्यातला प्रश्न ध्यानात आला. आत्म्याला जात नाही, देह म्हणजे नुसतं वस्त्र, असं गीता सांगते. देह तर सरणावर जळाला. मग मुंजाच्या गळ्यात जानवं राहिलं कसं? एका कीर्तनकारांना विचारलं. भला माणूस. थोडा वेळ गप्प राहिले नि म्हणाले, "गुरुजी, ती वासना. सूक्ष्म देहाला चिकटलेली." म्हणजे जात देहात नाही, आत्म्यात नाही, वासनेत आहे. एवढं कबूल असेल तर माझं भांडणच मिटलं.

आमचं म्हणाल तर १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची एक आहे. पिंड न मिळालेला पितर भूत होतो म्हणतात. त्या हिशेबानं आमच्या वस्तीत एव्हाना भुतांची जत्रा भरायला हवी होती.

पुण्याला असलेला नातू सुट्टीत येतो आणि मोबाइलवर भयपट दाखवतो. 'तुंबाड' पाहिला, २०१८चा. काय पाऊस आहे त्यात! 'मुंज्या' पाहिला, २०२४चा. दोन्ही कोकणातले, दोन्ही ब्राह्मण घरांचे. तक्रार नाही. पण झपाटायला आधी वाडा लागतो, हे तेव्हा कळलं. ज्याच्या पूर्वजांना वाड्याची पायरी चढू दिली नाही, त्याचं भूत त्या माडीवर फिरणार कसं? इच्छा अपुरी राहिली म्हणून भूत होत असेल, तर आमच्यातल्या किती जणांची आडाचं पाणी प्यायची इच्छा राहिली. त्यांची भुतं आडावर दिसल्याचं मी कधी ऐकलं नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांनी हाच प्रश्न पडद्यावर विचारलाय. जॉर्डन पील यांच्या 'गेट आउट'मध्ये (२०१७) म्हातारे गोरे लोक काळ्या तरुणांच्या देहात आपलं मन बसवतात. आपल्याकडे याला परकायाप्रवेश म्हणतात. शंकराचार्य अमरु राजाच्या देहात शिरले ही कथा आपण भक्तीनं ऐकतो, पण तिथला राजा आधीच मेलेला असतो. इथं देहाचा मालक जिवंत आहे. आत खोल कुठंतरी बुडून आपलेच हात दुसऱ्याच्या मर्जीनं हलताना बघतोय. ते बघून मी नातवाला मोबाइल बंद करायला लावला. महारकी याहून वेगळी काय होती?

दुसरा जुना, १९६८चा, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. ड्वेन जोन्स या काळ्या नटाचा बेन रात्रभर प्रेतांशी झुंजून जगतो. सकाळी प्रेतं मारायला निघालेली माणसं त्यालाच गोळी घालतात. आजोबांचंही तसंच होतं. त्यांची भीती उजाडल्यावर सुरू व्हायची. रात्रीची वाट मोकळी असे. दिवसा परक्या गावात कुठं उभं राहायचं, सावली कुणाच्या अंगावर पडू द्यायची नाही, हे जपावं लागे.

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात असताना मी 'मिलिंदपञ्ह' वाचलं. एका दिव्यावरून दुसरा लावला, तर पहिल्यातलं काही उठून दुसऱ्यात जातं का, असं नागसेन राजाला विचारतात. जात नाही, तरी उजेड पुढं चालतो. आत्म्याशिवाय पुनर्जन्म कसा, त्याचं हे उत्तर. मला मात्र त्यात भूत दिसलं. आजोबांचं माझ्यात काही शिरलेलं नाही. तरी आजही मोठ्या घराच्या ओसरीवर चहाला बोलावलं, की पाय पायरीपाशी क्षणभर अडतो. आत्म्यावर माझा विश्वास नाही, पण तो पाय अडतो.

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, तुमच्या आबांचं भूत झालं असतं तर कुठं राहिलं असतं?"

मी म्हटलं, "जाफराबादच्या रस्त्यावर. घुंगरांवरून ओळखू आलं असतं."

मग आठवलं, तेही जमलं नसतं. दीक्षेनंतर आबांनी घुंगरं काढून टाकली होती. काठी तेवढी ठेवली, सापाकिरड्यासाठी.