आठवत नाही, साहेब

बांधाच्या दाव्यात मामांना साक्षीला जायचं होतं. आदल्या रात्री टोपी धुऊन वाळत घातली आणि काय बोलायचं ते मनाशी घोळवत ते जागेच राहिले. सकाळी पट्टेवाल्यानं नावाचा पुकारा केला. शपथ घेताना मामांचा आवाज फुटेना. मी मागच्या बाकावर होतो. जन्मात कुणाला फसवलं नाही असा माणूस पिंजऱ्यात चोरासारखा दिसतोय, हे पाहून माझ्या पोटात कालवलं.

उलटतपासात वकिलांनी विचारलं, "बाभळ विहिरीपासून किती फुटांवर होती?"

मामा घुटमळले. "फूट नाही सांगता यायचे. उन्हं कलली की सावली विहिरीवर यायची."

"तोडली तो वार?"

"आठवत नाही, साहेब."

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवायला सांगितलं.

साक्ष देतानाची माणसाची वागणूक न्यायाधीशांनी टिपून ठेवावी, अशी मुभा १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. मला या मुभेची थोडी धास्ती वाटते. कपाळावरचा घाम अपराधाचा की पहिल्यांदा कोर्ट पाहिल्याचा, हे कसं ओळखायचं? सराईत साक्षीदाराला घाम येतच नाही.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा एक निकाल मला मोलाचा वाटतो. गुजरातमधून आलेल्या त्या अपिलात न्यायमूर्तींनी साक्षीदाराची बाजू फार मायेनं समजून घेतली. स्मरण म्हणजे पुन्हा लावता येणारी चित्रफीत नव्हे. वेळेचा, अंतराचा माणूस अंदाजच सांगतो. कोर्टात तो बावरतो, आणि आपल्यावर विश्वास बसणार नाही या भीतीनं खरा माणूससुद्धा नकळत तपशील भरत जातो. तेव्हा मुळाला धक्का न लावणाऱ्या किरकोळ विसंगतींचा बाऊ करू नये, असं त्यांनी सांगितलं.

हे तपशील भरणंच घात करतं. वार ठोकून सांगितला, की पुढचा प्रश्न तारखेचा येतो. आज सकाळी किती तालुक्यांच्या कोर्टांबाहेर माणसं पाठ केलेलं पुटपुटत उभी असतील! त्यांना कुणीतरी जवळ बसवून सांगायला हवं की 'आठवत नाही' हेही शपथेवरचं उत्तर असतं.

परतताना एसटीत मामांनी दोनदा विचारलं, "वार सांगायला हवा होता का रे?"

मी दोन्ही वेळा नाही म्हटलं.