हलगीचा दर

हलगी वाजवून पोट भरायचं ठरवलं, तर तो धंदा, की पुन्हा बलुतंच?

दोस्तहो, यावर आपल्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, बापजाद्यांनी फेकली ती पुन्हा गळ्यात अडकवायची नाही. दुसरा म्हणतो, कला आहे, अभिमानानं वाजवा. मी सूतगिरणीत पाळी करणारा माणूस. तत्त्वज्ञानाची बुकं अर्धी कळतात, अर्धी डोक्यावरून जातात. पण मजुरी आणि वेठ यातला फरक मला अंगानं ठाऊक आहे.

फेकणारे चुकले नव्हते. जत्रा, लगीन, मयत, दवंडी. निरोप आला की निघायचं. काय द्यायचं, कधी द्यायचं, ते गाव ठरवणार. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी असली लाचारीची कामं टाकायला सांगितली, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक वस्त्यांनी वाजपही टाकलं. ताठ उभ्या राहिल्या. पण गाव काय गप बसलं? मातंग भावांच्या गळ्यात हलगी आधीपासून होतीच, काही गावांत आपल्या वाट्याचं वाजवणंही त्यांच्यावरच पडलं. हे आपल्या सभेत कुणी बोलत नाही.

आता हाताचं बघू. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक लवचिक काडी. एकानं ठोका, दुसऱ्यानं त्याच्या मधली जागा भरायची. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं, मग जाळावर शेकायचं. किती शेकायचं ते बोटाला कळावं लागतं, जास्त झालं की फाटलं. आणि हे सगळं बसून नाही. कुस्तीच्या फडात, वरातीत, तासन्‌तास उभ्यानं. तबल्याला दिल्ली, लखनौ, फरुखाबाद अशी घराणी. हलगीला घराणं नाही, जात. त्याच्या दहा वर्षांना म्हणायचं साधना, आमच्या दहा वर्षांना म्हणायचं, 'यांच्या रक्तातच असतं हो!' एकदा रक्तात आहे म्हटलं की शिकण्याचा मान द्यायला नको, आणि पैसाही.

कातडं तर तबल्यालाही लागतं. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली मृदंग घडवणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं. गाय, बकरी, म्हैस यांची कातडी कमावून मृदंग घडवणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. त्यांचं नाव मैफलीत कोण घेतो?

आमच्या वस्तीतलं एक पोरगं ऑडिशनच्या मागे आहे. स्टुडिओ, नाटक, ऑर्केस्ट्रा, मिळेल तिथं. अमेरिकेत बोस्टनच्या सिंफनी ऑर्केस्ट्रानं १९५२ साली पडदा लावून ऑडिशन घेतली, वाजवणारा दिसू नये म्हणून. चांगलंच केलं. पण आमच्या पोराला पडदा कसा पुरणार? तोंड झाकेल, हलगी कशी झाकेल? पहिल्या ठोक्याला जात ऐकू येते. बरं, ड्रमसेट शिकावा का? शिकावा की, अवश्य. पण हलगी लपवायला शिकला, तर तो पडदा आपणच आपल्यावर ओढला.

मी त्याला विचारलं, 'उद्या गावच्या बड्या घरचं बोलावणं आलं तर?'

म्हणाला, 'दर सांगीन. निम्मे आगाऊ. पटलं नाही तर नाही जायचा.'

'आणि बामणाचं पोरगं शिकायला आलं तर?'

'फी घेईन. सगळ्यांना एकच.'

माझ्या मते फरक इथंच आहे. गिरणी माझी पाळी विकत घेते, जन्म नाही. मी उद्या काम सोडलं तर माझ्या पोराला त्याच साच्यावर कुणी ओढून उभं करणार नाही. बलुत्यात 'नाही' हा शब्दच नव्हता. ज्याला नाही म्हणता येतं, त्यानं हो म्हणून वाजवलेली हलगी वेगळी वाजते.

पण हे 'नाही' आपण तरी ऐकून घेतो का? १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवाल्याला हजारो रुपये आगाऊ मोजतो. हलगीवाल्याला मात्र 'आपलंच काम आहे भावा' म्हणून चहा-वडापाव. त्यानं पैसे मागितले की चळवळ विसरला म्हणून नावं ठेवायची. निरोप धाडून फुकट वाजवून घेणारा पाटील आपल्याही मंडळात बसलाय.

मागच्या जयंतीचा जमाखर्च काढा. हलगीच्या नावापुढे किती आकडा आहे, ते बघा. नसेल तर या बैठकीत दर ठरवा, आणि ठरवताना हलगीवाल्याला समोर बसवा.