फाल्गुनरावाला कृत्तिका हवीच

नवरा-बायकोच्या संशयावर बेतलेले जुने विनोदी चित्रपट आज कुणी पाहिले की त्यांचं कौतुक बहुधा एकाच शब्दात होतं: निरागस. काळ साधा होता, माणसं भाबडी होती, म्हणून गैरसमजावरही पोट धरून हसता यायचं, असा एकूण सूर. मला तो पटत नाही. संशय कुठल्याच काळात भाबडा नव्हता, आणि किनवटला राहणाऱ्याला हे कळायला थिएटरात जावं लागत नाही. माहूर शेजारच्याच तालुक्यात आहे. तिथल्या एका शिखरावर रेणुका, दुसऱ्यावर अनसूया. पाण्याला गेलेल्या रेणुकेची नजर जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वावर घटकाभर रेंगाळली, आणि तेवढ्यावरून जमदग्नीने मुलालाच आईवर परशू चालवायला सांगितलं, ही पुराणातली कथा. अनसूयेची कथाही मत्सराचीच. तिघी देवींना तिच्या पातिव्रत्याचा हेवा वाटला, त्यांनी आपापले नवरे तिची परीक्षा घ्यायला धाडले, तिने त्या तिघांची तान्ही बाळं करून टाकली, आणि शेवटी तिघींना तिच्या दारात येऊन आपापला नवरा परत मागावा लागला. कुठल्याही प्रहसनकाराने हात जोडावेत असा हा प्रसंग आहे.

मत्सर दोन्हीकडे आहे, पण एका कथेत रक्त सांडतं आणि दुसरीत हसू येतं. काळ साधा असण्याशी याचा काही संबंध नाही. जमदग्नीच्या कथेत संशय ज्याला येतो, शिक्षाही त्याच्याच हातात आहे, आणि जिच्यावर संशय आहे तिला कुणी काही विचारत नाही. अनसूयेकडे मात्र उत्तर द्यायचं सामर्थ्य आहे. विनोद जन्मतो तो इथे.

गोविंद बल्लाळ देवलांनी तर हा फरक दोन नाटकांत मांडून ठेवला आहे. १८९० मध्ये त्यांचं ‘झुंझारराव’ आलं, ते शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं रूपांतर. तीनच वर्षांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ आलं. त्याचं मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात, आणि मधला दुवा आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक. पुढे त्यातच पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते उभं केलं तेव्हा गणपतराव बोडस फाल्गुनराव होते आणि बालगंधर्व रेवती. तो प्रयोग पाहायला देवल हयात नव्हते.

घोटाळा माजवणारी वस्तू दोन्ही नाटकांत चिमूटभर किमतीची: तिकडे रुमाल, इकडे तसबीर. मग एकीकडे खून आणि दुसरीकडे खसखस का? ऑथेल्लोच्या घरात संशय एकट्या नवऱ्याच्या डोक्यात वाढतो. बायकोला तो कळतो तेव्हा जीव वाचवायला उशीर झालेला असतो. फाल्गुनरावाच्या घरी त्याची बायको कृत्तिका त्याच्याइतकीच संशयी आहे. भोवळ आलेल्या रेवतीला सावरताना तिने नवऱ्याला पाहिलेलं असतं. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर कृत्तिकेच्या हातात दिसते आणि फाल्गुनरावाचीही खात्री पटते. दोघांकडे पुरावा आहे, दोघांनी त्याचा लावलेला अर्थ चुकीचा आहे आणि दोघेही एकमेकांच्या पाळतीवर आहेत. मग घरात कडाक्याचं भांडण होतं, आणि भांडण होतं म्हणूनच कुणाचा जीव जात नाही. पोटातला आरोप तोंडावर येतो, समोरून तेवढाच मोठा आरोप अंगावर येतो, आणि न्यायाधीश व्हायला निघालेला नवरा पाहता पाहता आरोपी होतो.

फाल्गुनराव एकटा असता तर त्याचा झुंझारराव व्हायला फार वेळ लागला नसता. त्याला विनोदी करते ती कृत्तिका. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावं दिली आणि बायकांना नक्षत्रांची. पंचांगात दोन्हींचा मान सारखा असतो, हे त्यांच्या मनात होतं की नाही कोण जाणे, पण नाटकात त्यांनी तो सारखा ठेवला.

हीच समजूत १९३७ मध्ये हॉलिवूडमध्ये ‘द ऑफुल ट्रुथ’ या चित्रपटात दिसते. दिग्दर्शक लिओ मॅकॅरी. त्याला या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. कॅरी ग्रँटचा जेरी फ्लोरिडाला गेल्याची थाप मारतो आणि ती खरी वाटावी म्हणून दिव्याखाली बसून अंग रापवून घेतो. बायकोसाठी संत्री आणतो, तर त्यांच्यावर शिक्का कॅलिफोर्नियाचा. आयरीन डनची ल्यूसी आपल्या संगीतशिक्षकाबरोबर घरी येते, तीही रात्रभर बाहेर राहून. गाडी बंद पडली होती म्हणते. दोघे घटस्फोटाचा अर्ज करतात, कुत्रा कुणाकडे राहणार यावरून कोर्टात जुंपते, आणि निकाल पक्का होईपर्यंतच्या दिवसांत एकमेकांची नवी लग्नं मोडण्याचे उद्योग चालतात. गंमत अशी की जेरी नेमका कुठे होता हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. ल्यूसीच्या त्या रात्रीचाही पुरता खुलासा होत नाही. संशय फिटला म्हणून ती दोघं एकत्र आलेली नाहीत. संशय जागच्या जागी ठेवून ती एकत्र आली आहेत. निरागस म्हणवल्या जाणाऱ्या त्या काळातला हा चित्रपट इतका जाणता आहे.

प्रेस्टन स्टर्जेसने १९४८ मध्ये ‘अनफेथफुली युअर्स’ काढला. त्यात संशय पुन्हा एकट्या नवऱ्याला. रेक्स हॅरिसनचा वाद्यवृंद-संचालक मंचावर उभा असताना मनातल्या मनात बायकोचा काटा काढायचा बेत रचतो. दुसऱ्या रचनेच्या वेळी तिला उदार मनाने क्षमा करतो, तिसरीला स्वतःच्या जिवावर उठतो. घरी येऊन पहिला बेत खरा करायला जातो तर हाताला एक वस्तू धड लागत नाही, खुर्च्या मोडतात, यंत्रं दगा देतात. एकतर्फी संशयाला विनोदात ठेवायचं तर संशयी माणसाचे हातच निकामी करावे लागतात, हे स्टर्जेसला कळलं होतं. तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. मला तो या सगळ्यांत धाडसी वाटतो.

अमेरिकन विचारवंत स्टॅन्ली कॅव्हेलने १९८१ च्या आपल्या पुस्तकात अशा सात चित्रपटांना पुनर्विवाहाच्या कॉमेडी म्हटलं. लग्न आधी मोडायचं, मग त्याच माणसाशी समजून-उमजून जुळवायचं. आपल्याकडच्या कथेला ही सोय नव्हती. हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये, आणि कायद्यात घटस्फोट आला तरी हसण्यावारी न्यायला तो चालणार नव्हता. म्हणून इथल्या लेखकांनी उलटी वाट धरली: आधी लग्नाचं सोंग, मग त्यातून खरं लग्न.

त्याचा उत्तम नमुना किनवटच्या लोकांना परका नसावा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आणि तेलुगू इथे बाजारात रोज कानावर पडते. एल. व्ही. प्रसादांचा तेलुगू ‘मिस्सम्मा’ १९५५ चा. हिंदीत तोच ‘मिस मेरी’ म्हणून १९५७ मध्ये आला, मीनाकुमारी आणि जेमिनी गणेशन यांना घेऊन. जमीनदाराच्या शाळेला शिकलेलं जोडपं हवं असतं. नोकरीसाठी वणवण करणारे एन. टी. रामाराव आणि सावित्री नवरा-बायको असल्याची बतावणी करतात. तो हिंदू, ती ख्रिस्ती, आणि चार भिंतींच्या आत दोघांत काटेकोर अंतर. तो जमीनदाराच्या मुलीला गाणं शिकवू लागतो आणि ही जळू लागते. जळायचा तिला काडीचा हक्क नाही, हे तिलाच ठाऊक आहे. चारचौघांसमोर बायको म्हणून रागवावं तर सोंगाला शोभतं, एकांतात रागवावं तर मन उघडं पडतं. सावित्रीने ही कोंडी ज्या तऱ्हेने चेहऱ्यावर धरली आहे, तेवढ्यासाठी हा चित्रपट तेलुगू न येणाऱ्यानेही पाहावा. मुळात हे काम भानुमतीकडे होतं. ते सावित्रीकडे आलं हे प्रेक्षकांचं नशीब.

बी. आर. चोप्रांच्या ‘पती पत्नी और वो’वर (१९७८) लोकांचा फार जीव आहे, माझा तेवढा नाही. संजीवकुमार अप्रतिम, प्रश्नच नाही. बायको मरणपंथाला लागल्याची थाप मारून तो सेक्रेटरीची सहानुभूती मिळवतो आणि आपण त्याच्या लबाडीला दाद देतो. विद्या सिन्हाच्या शारदेचा संशय तर खराच आहे. ती पुरावे गोळा करते, त्याला उघडा पाडते, संसार सावरते. पण शेवटी नवी सेक्रेटरी येते, साहेबांचे डोळे पुन्हा लकाकतात, आणि चित्रपट आपल्याकडे पाहून जो डोळा मारतो तो नवऱ्याच्या बाजूने. शारदा बरोबर होती याची किंमत शून्य होते. कृत्तिका चुकीची असूनही नाटकात फाल्गुनरावाच्या बरोबरीने उभी राहते. शारदा खरी असूनही मागे पडते.

मराठीत याला उत्तर मिळालं १९९३ मध्ये, स्मिता तळवलकरांच्या ‘सवत माझी लाडकी’त. मोहन जोशींचा नवरा वर्षा उसगावकरच्या प्रेमात पडतो तेव्हा नीना कुळकर्णींची बायको आकांत करत नाही. ती सवतीला घरात घेते आणि प्रेमामागोमाग संसार काय काय मागतो ते तिला पाहू देते. मत्सर इथे आहेच, पण तो रडण्यात न जाता डाव टाकण्यात जातो. चित्रपटाच्या काही जागा आज ओढलेल्या वाटतात, तरी सूत्रं कुणाच्या हातात आहेत याबद्दल तो एक क्षणही डळमळत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ हे शब्द वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर येतात, त्यांच्यापुढे काय लिहिलेलं असतं हे आपण न वाचताही सांगू शकतो. ज्या समाजात हे घडतं त्याने संशयावर हसावं का? माझं उत्तर हो असंच आहे, पण कशावरही हसावं असं नाही. संशयी बायको म्हणजे कटकट आणि संशयी नवरा म्हणजे मर्द, अशा वाटणीवर उभ्या विनोदाला मी हसणार नाही. जो विनोद जाब मागणाऱ्यालाच जाब द्यायला लावतो, त्याला हसायला मला संकोच वाटत नाही.

नांदेड-लातूरकडच्या हौशी मंडळींपैकी कुणी ‘संशयकल्लोळ’चा छोटा प्रयोग बसवणार असेल, तर त्यांना एक विनंती. वेळ वाचवायला कृत्तिकेची भांडणं कापू नका. कापायचीच तर अश्विनशेठची एक-दोन पदं कापा. संगीताचे रसिक रागावतील, पण नाटक वाचेल.